बिनआवाजाचा कॉम्प्युटर

गल्लीतल्या बायकांच्या भिशीत माझ्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा माझ्या हातात अर्धा समोसा होता. तो तसाच बशीत टाकून मी घरी पळत सुटले. मागून कुणीतरी ओरडलं, "अवं, चहा तं पिऊन जा!" पण मला कसला चहा सुचतोय! नालवाडीतलं ते दोन मिनिटांचं अंतर मी मनातल्या मनात टेबल सरकवत कापलं. खिडकीच्या डावीकडे टेबल, टेबलावर माइक, आणि टेबलाखाली नवा कोरा, अजिबात आवाज न करणारा कॉम्प्युटर.

आवाज न करणारा, हे महत्त्वाचं. बाकी तो पिवळा असो, निळा असो, मला काही घेणं नव्हतं. पुण्याची एक कंपनी मराठी पुस्तकं वाचून घेते आणि त्यांची रेकॉर्डिंग विकते. मी त्यांना नमुना पाठवला होता. माझं माहेर आंजीचं. शाळेतल्या प्रार्थनेपासून गावच्या गणपतीच्या बक्षीस समारंभापर्यंत माइक माझ्याच हातात असायचा, आणि लग्नानंतर नालवाडीतही हळदीकुंकवापासून निरोप समारंभापर्यंत सूत्रसंचालन माझ्याकडेच आलं. माइक दिसला की हिचा हात आपोआप पुढे जातो, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. पण या सगळ्याबद्दल मला आजवर नारळ आणि गुलाबाचं फूल याखेरीज काही मिळालं नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी माझ्या आवाजाचे पैसे देणार होतं.

तर त्या कंपनीचं उत्तर आलं: आवाज छान, वाचन स्वच्छ, पण मागे सतत घरघर ऐकू येते. महिन्याभरात दहा मिनिटांचं नवं रेकॉर्डिंग पाठवा. ते स्वच्छ असेल तर अख्खं पुस्तक तुमचं. नसेल तर क्षमस्व.

घरघर कुणाची ते मला ठाऊक होतं. आमचे हे एका कृषी केंद्रात कामाला आहेत. तिथल्या मालकांनी नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना आमच्या घरी आला, पोटात पाच वर्षांची खताची धूळ घेऊन. चालू केला की शेजारी पिठाची गिरणी लागल्यासारखं वाटायचं. मी त्याला टेबलाखाली कोंबलं, त्याच्यावर गोधडी टाकली, तर तो तापून आपोआप बंद पडला. लांब वायर लावून माइक न्हाणीघरात नेला, तर तिथे माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमला. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग कंपनीला चालत नव्हतं. म्हणजे कॉम्प्युटर बदलण्यावाचून इलाज नव्हता, आणि नेमकी त्याच महिन्यात भिशी लागली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

भिशीचे आणि ब्लाउज शिवून साठवलेले, सगळे मिळून पस्तीस हजार. त्यावर एक रुपया जाणार नाही, हे मी त्याच संध्याकाळी घरात जाहीर करून टाकलं. जुना स्क्रीन आणि कीबोर्ड चालवून घ्यायचे, नुसता कॉम्प्युटरचा डबा नवा आणायचा.

पुढचे दहा दिवस मी दुसरं काही केलं नाही. भाजी फोडणीला टाकायची आणि मोबाइलवर कॉम्प्युटरचे व्हिडिओ बघायचे. नवीन लग्न झाल्यावर सासरच्या माणसांची नावं आणि नाती पाठ करावी लागतात तसे मी प्रोसेसर आणि रॅम पाठ केले. कोण कुणाशी जुळतं, कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण उगीच मिरवतो. कॅलेंडरच्या जुन्या पानांमागे मी याद्या केल्या, खोडल्या, पुन्हा केल्या. वर्ध्यातल्या तीन दुकानांतून मोबाइलवर भाव मागवले. यांना रात्री जेवताना विचारलं, "सोळा जीबी घेऊ की आठच पुरे?" तर हे म्हणाले, "पहिले मले वरण वाढ."

एक गोष्ट मी यांना सांगितली नाही. त्या दुकानांपैकी एकाच्या फोटोत मी काचेचा डबा पाहिला होता. पुढे तीन पंखे, आणि तिन्हींतून लाल, निळे, जांभळे दिवे फिरत होते. गणपतीच्या मखरातसुद्धा इतकी मजा नसते. तो फोटो मी दिवसातून चार वेळा उघडून बघायची. आवाज न करणारा पाहिजे म्हणणारी मीच त्या तीन पंख्यांवर भाळले होते, आणि दुकानदाराने खाली 'एकदम सायलेंट' असं लिहिलेलं असल्यामुळे मनाला समजवायची गरजच पडली नाही.

या सगळ्यात माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो, ते खुर्चीवरून मला बघत असायचे. मामाजी मूळचे अल्लीपूरचे. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, त्यांनी पूर्ण आयुष्य फिटर म्हणून काढलं. लहानपणापासून त्यांचे कान वाहायचे. पुढे दोन्ही पडदे गेले. डॉक्टरांनी मशीन दिलं होतं, पण ते घातलं की कान पुन्हा वाहायला लागायचे, म्हणून ते कपाटात पडून आहे. सासूबाई होत्या तोवर त्या कानाशी तोंड नेऊन त्यांना गल्लीच्या सगळ्या बातम्या सांगायच्या. त्या गेल्यावर ते काम कुणीच घेतलं नाही. मीही नाही. मला ओरडायचा कंटाळा यायचा, आणि सुनेने सासऱ्यांवर ओरडलेलं बरंही दिसत नाही. त्यामुळे आमचं बोलणं एकेका शब्दावर आलं होतं. "चहा!" "जेवण!" "गोळी!" मोठं काही असलं तर कॅलेंडरच्या पानामागे लिहून द्यायचं.

एक दिवस त्यांनी माझी याद्यांची पानं वाचली. चष्मा लावून, सगळी, शेवटपर्यंत. मग म्हणाले, "मशीन घेऊन राह्यल्या काय? घ्याले जासान तं मले नेजो."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी खांदे उडवले. खरं सांगायचं तर मला रागच आला. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना बिनआवाजाचं मशीन निवडायला कशाला न्यायचं? पण मी आनंदात होते, आणि आनंदात असले की मी भांडत नाही. मान हलवून हो म्हटलं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं ऑटोने वर्ध्याला गेलो. मी ठेवणीतली साडी नेसले होते. कॉम्प्युटर घ्यायला ठेवणीतली साडी कशाला, हे यांनी विचारलं आणि उत्तर न मिळाल्यावर सोडून दिलं. मामाजींनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांचा खिसा जड दिसत होता, पण मी लक्ष दिलं नाही.

दुकान भर रस्त्यावर. दारात कूलर धाडधाड चालू, बाहेर हॉर्न, शेजारी उसाच्या रसाची गाडी. आणि काउंटरवर माझा काचेचा डबा! फोटोपेक्षा देखणा. दुकानदार आनंदी माणूस होता. त्याने बटण दाबलं आणि तिन्ही पंखे रंगांनी उजळले. माझ्या तोंडून चक्क "अय्या" निघालं.

"बघा मॅडम, पिन ड्रॉप सायलेंट. लावा कान."

मी साडीचा पदर सावरून वाकले आणि काचेला कान लावला. मला कूलर ऐकू आला. एक ट्रक ऐकू आला. रसाच्या गाडीचे घुंगरू ऐकू आले. कॉम्प्युटर ऐकू आला नाही, पण त्या गदारोळात तिथे म्हैस हंबरली असती तरी ऐकू आली नसती. दहा दिवस मी एवढा अभ्यास केला, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, की शांत मशीन शोधायला मी वर्ध्यातल्या सगळ्यात गोंगाटाच्या रस्त्यावर येणार आहे. कूलर बंद करायला लावला. रस्ता कोण बंद करणार? घरी नेला, माइक लावला, आणि मागे पुन्हा घरघर आली तर भिशीही गेली आणि पुस्तकही गेलं. तरी नजर त्या जांभळ्या दिव्यावरून हटत नव्हती, हेही खरं.

तेवढ्यात मामाजी पुढे आले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. लाकडी मुठीचा, वीतभर लांब, जिनिंगमधला. दरवर्षी दसऱ्याला आमच्या घरी त्याची पूजा होते, पण तो कशासाठी वापरायचे ते मी कधी विचारलं नव्हतं. दुकानदार एक पाऊल मागे सरकला.

"काकाजी, उघडायचं नाही, वॉरंटी जाते!"

मामाजींना ते ऐकूच आलं नाही. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकेच डब्याच्या पत्र्यावर टेकवलं, मूठ आपल्या कानामागच्या हाडावर दाबली, आणि डोळे मिटले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाहेर रसवाला ग्लास हातात धरून आत बघत उभा राहिला.

मामाजींनी टोक पुढच्या बाजूला लावलं, मग मागे, मग खाली. एकेका जागी चांगलं मिनिटभर. डोळे उघडून म्हणाले, "हे नाई. समोरचा मधला पंखा, त्याचं बेरिंग बोलून राह्यलं. आज जरासक बोलते, चार महिन्यानं ओरडीन."

दुकानदार हसला. "काकाजी, आजच खोक्यातून काढला. नवा पीस आहे."

मामाजींनी त्याच्या ओठांकडे बघून एवढं ओळखलं असावं. "नवं असो का जुनं. खोलून पाह्य."

दुकानदाराने यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे, आणि मी, का कोण जाणे, म्हटलं, "खोला." कॉम्प्युटर बंद केला, झाकण निघालं. दुकानदाराने मधल्या पंख्याला बोट लावून फिरवलं. तो फिरला, आणि थांबता थांबता एका बाजूला लचकला. शेजारचे दोन्ही सरळ फिरून थांबले. दुकानदाराने पुन्हा फिरवला. पुन्हा लचकला.

"आयला," तो म्हणाला, आणि त्याच्यातला विक्रेता कुठल्या कुठे गेला. त्याने स्टूल ओढून मामाजींना बसवलं, रसवाल्याला चार ग्लास सांगितले, आणि विचारलं, "काकाजी, हे हाडानं ऐकू येतं?"

मी तो प्रश्न काउंटरवरच्या एका पुठ्ठ्यावर लिहून दाखवला. मामाजी म्हणाले, "जिनिंगमंधी एका लायनीत चाळीस मशिना. तिथं चांगल्या कानवाल्यालेही काही ऐकू येत नाई. मले हेच ऐकू येते."

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. दुकानदार एकेक वस्तू आतून आणायचा, जोडून चालू करायचा, आणि मामाजी स्क्रू ड्रायव्हर लावून निकाल द्यायचे. दोन पॉवर सप्लाय नापास झाले, तिसरा पास झाला, कारण त्याचा पंखा मोठा होता आणि निवांत फिरायचा. मी अभ्यास केलेला प्रोसेसर पास झाला, तेव्हा मला मुलीचं लग्न जमल्यासारखा आनंद झाला. मग मामाजींनी खालच्या कप्प्यावर टोक ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "याच्यात काही फिरून राह्यलं." ती हार्ड डिस्क होती. ती काढली आणि नुसती एसएसडी लावली. मामाजींनी टोक लावलं, बराच वेळ लावलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "याच्यात काहीच फिरत नाई?"

मी मान हलवली. नाही.

"फिरत नाई तं चालते कसं?"

हे मला, यांना आणि दुकानदारालाही नीट सांगता आलं नाही. मामाजी स्वतःशीच हसले. आयुष्यभर फिरणाऱ्या गोष्टींना तेल घालणारा माणूस न फिरणाऱ्या वस्तूकडे किती कौतुकाने बघत होता!

शेवटी काचेच्या डब्याचा प्रश्न उरला. पंखे जेवढे कमी तेवढा आवाज कमी, पण पुढचे तिन्ही काढले तर दिवेही जाणार, आणि काचेचे पैसे वाया. दुकानदाराने कोपऱ्यातून एक काळा, साधा, पत्र्याचा डबा आणला. त्याच्यात एकच पंखा, तोही मागे. ट्रंकेसारखा दिसत होता. मी माझ्या जांभळ्या दिव्याकडे एकदा शेवटचं बघून घेतलं. मामाजींच्या ते लक्षात आलं. "तुले तो आवडला होता ना?" ते म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली. खोटं होतं ते. पण त्याच्यात वाचलेल्या पैशांत रॅम आठाची सोळा झाली, आणि सगळं पस्तीस हजारांच्या आत बसलं. दुकानदाराने रसाचे पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर ट्रंकेला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. मामाजींनी स्क्रू ड्रायव्हरलाही कुंकू लावलं. मग दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली जेवून निजलेली असताना, मी दारं-खिडक्या लावल्या, छताचा पंखा बंद केला, भिंतीला दोन गोधड्या लटकवल्या आणि वाचायला बसले. घामाने ब्लाउज भिजला. दहा मिनिटं संपल्यावर मी हेडफोन लावून ऐकलं. दोन वाक्यांच्या मधली जागा ऐकली. तिथे काहीच नव्हतं. मी ती जागा सहा वेळा ऐकली, आणि प्रत्येक वेळी हसले.

पाठवून दिलं. चार दिवस मी मोबाइल उशाशी, ओट्याशी, देवघराशी घेऊन फिरले. पाचव्या दिवशी दुपारी उत्तर आलं. आवाज स्वच्छ, नमुना मंजूर, पुस्तक पाठवत आहोत.

हे कामावर होते. घरात मी आणि मामाजी. मी उडी मारली, देवापुढे साखर ठेवली, धावत जाऊन मामाजींच्या समोर उभी राहिले आणि ओरडले, "पास!" त्यांना कळेना. मी पुन्हा ओरडले. मग कॉम्प्युटरवर माझंच रेकॉर्डिंग लावलं, स्पीकरचा आवाज होता नव्हता तेवढा मोठा केला, आणि साडी खोचून खोलीभर नाचायला लागले.

मला तसं हातवारे करताना बघून मामाजींना वाटलं, मशीन बिघडलं. ते उठले. स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. डब्याला लावला, डोळे मिटले, समाधानाने मान हलवली. मशीन ठीक होतं. मग खात्री करून घ्यायला त्यांनी टोक टेबलावरच्या लाकडी स्पीकरवर टेकवलं.

आणि तसेच उभे राहिले.

मी नाचायची थांबले. स्पीकरमधून माझं वाचन चालू होतं, एका म्हाताऱ्या माळ्याची साधी गोष्ट. मामाजींचे डोळे मिटलेले होते आणि ओठ किंचित उघडे. एक पान संपलं, दुसरं सुरू झालं. गोष्टीतल्या माळ्याने चिडून झारी फेकली, तेव्हा मामाजी हसले. बरोबर त्याच जागी हसले.

"कोण वाचून राह्यलं हे?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

मी त्यांच्या हाताला हात लावला. त्यांनी बघितलं. मी छातीवर बोट ठेवलं.

"तू?"

मी मान हलवली.

"एकवीस वर्सं झाली तुले या घरात येऊन," मामाजी म्हणाले. "तुहा आवाज असा आहे, हे मले माहीतच नोतं."

मला रडू आलं. अख्ख्या गावाला माझा आवाज ऐकवत फिरले मी, आणि घरातल्या घरात या माणसासाठी माझ्याकडे एकेक शब्द होता, तोही ओरडून. रेकॉर्डिंग संपलं तरी त्यांनी मूठ कानामागून काढली नाही. "पुढचं लाव," म्हणाले. पुढचं नव्हतंच. दहाच मिनिटं तर होती ती.

मी डोळे पुसले. माइक आणि स्पीकर जवळ आले की किंचाळतात, म्हणून स्पीकरची वायर ओढून तो दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. मामाजींची खुर्ची तिथे सरकवली. त्यांनी टोक पुन्हा स्पीकरवर टेकवलं. मी टेबलाशी जाऊन माइक चालू केला, त्याचा आवाज थेट स्पीकरवर सोडला, आणि काय बोलावं ते मला सुचेना. पुस्तकं वाचायला निघालेली मी, आणि मला एक वाक्य सुचेना.

मग मी अगदी हळू, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तेवढ्याच आवाजात विचारलं, "मामाजी, चहा मांडू का थोडा?"

"मांड," मामाजी म्हणाले. "पण त्याच्या पहिले सांग, त्या दिवशी तू भिशीतून धावत काऊन आलती?"

मी खुर्ची पुढे ओढली आणि अर्ध्या समोशापासून सांगायला सुरुवात केली.